मूठ सोडायची नाही

गोष्ट जेमतेम चार-पाच सेकंदांची आहे. जानेवारीतल्या एका सकाळी मध्य प्रदेशात, हनुवंतियाच्या जलाशयावर मी जेटस्की, म्हणजे पाण्यावरची मोटारसायकलच म्हणा, चालवत होते, मागे तिथला विशी-बाविशीतला एक मुलगा बसला होता, आणि काठाकडे वळताना समोर अचानक एक लाकडी नाव दिसली. नावेत एक म्हातारा कोळी उकिडवा बसून जाळे गोळा करत होता. जाळ्याला बांधलेले थर्मोकोलचे पांढरे तुकडे पाण्यावर ओळीने तरंगत होते आणि माझा रोख नेमका त्यांच्याकडे होता. मी घाबरले. वेगाच्या खटक्यावरचे बोट सोडले आणि हँडल डावीकडे वळवले. इंजिनाचा आवाज एकदम खाली आला, हँडल वळले, पण गाडी वळली नाही. ती तशीच सरळ, जवळजवळ आवाज न करता, त्या नावेकडे घसरत राहिली. म्हाताऱ्याने हातातले जाळे टाकून वल्हे उभे धरलेले मला दिसले. तेवढ्यात मागच्या मुलाचा हात माझ्या दंडाखालून पुढे आला, माझ्या बोटावर त्याचे बोट बसले, खटका दाबला गेला, दुसऱ्या हाताने त्याने हँडल उजवीकडे फिरवले, आणि कानाशी तो ओरडला, "छोडो मत दीदी, दबाओ!" नाव आठ-दहा हातांवर असताना गाडी वळली. आमच्या लाटेने नाव जोराने डोलली. म्हाताऱ्याने वल्हे खाली ठेवले आणि आमच्याकडे पाहिले. तो काहीच बोलला नाही.

छोडो मत. हे दोन शब्द अजून माझ्या डोक्यातून गेलेले नाहीत.

याचे कारण असे की मला आयुष्यभर याच्या अगदी उलट शिकवले गेले होते, आणि ज्यांनी शिकवले त्यांच्या शब्दाबाहेर मी कधी गेले नव्हते. १९८६ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत बाबांनी मला इंदूरच्या चिमणबागेच्या मैदानावर लूना शिकवली. सकाळी सहाला, मैदानात मुले क्रिकेटला जमायच्या आधी, आम्ही रामबागेतून गाडी हाताने ढकलत न्यायचो. बाबा चपला काढून शेजारून धावायचे. त्यांनी मला पहिल्या दिवशी गाडी पुढे कशी न्यायची हे शिकवलेच नाही. आधी थांबायला शिक, असे त्यांचे म्हणणे होते. "घाबरलीस की मूठ सोड. बाकी काही करू नकोस. मूठ सोडली की गाडी आपली आपण थांबते." मग मी गाडी चालवायची, त्यांनी मध्येच टाळी वाजवायची आणि मी मूठ सोडायची, असे त्यांनी माझ्याकडून सलग तीन सकाळी करून घेतले. तापलेल्या तव्याला बोट लागले की ते मागे घ्यायचे हे जसे ठरवावे लागत नाही, तसे ते माझ्या हातात बसले. लूना गेली, कायनेटिक आली, मग ॲक्टिव्हा आली. राजवाड्याच्या गर्दीत, जेल रोडवर, पावसात, रात्री सराफ्यातून परतताना, त्या तीन सकाळींनी मला किती वेळा वाचवले असेल याचा हिशेब नाही. बाबांना जाऊन अकरा वर्षे झाली, पण माझ्या उजव्या मुठीत ते अजून आहेत असे मला नेहमी वाटत आले आहे. आणि त्या दिवशी पाण्यावर त्याच मुठीने मला एका म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर नेले असते.

पुण्याहून भाची आली होती, तिच्या हट्टाने आम्ही निघालो होतो. पहाटे दशम्या आणि तिळाची चटणी बांधून घेतली, भेरूघाट उतरलो, बडवाहला चहा घेतला. मोरटक्क्याच्या पुलावर आईच्या सवयीने खिडकीतून नर्मदेत एक रुपया टाकला, आणि सनावद, मूंदी करत साडेदहाच्या सुमाराला पोहोचलो. आमच्या घरात पाण्याकडे पाहण्याची एकच रीत होती, ती म्हणजे हात जोडण्याची. ओंकारेश्वरला घाटावरची साखळी धरून तीन बुड्या, त्याही आजीचे दुसऱ्या हातावर लक्ष असताना. बिलावलीच्या तलावाकाठी सहलीला गेलो तरी पाय भिजवायची परवानगी नसे. पाण्याशी खेळ नाही, हे बाबांचे वाक्य होते. त्यांची पहिली नोकरी हरसूदला होती, आणि ते अख्खे गाव २००४ मध्ये इंदिरा सागर धरणाच्या पाण्याखाली गेल्यापासून या जलाशयाचे नाव निघाले की ते उठून दुसऱ्या खोलीत जात. म्हणून हनुवंतियाला २०१६ पासून जलमहोत्सव भरू लागला, शेजारीपाजारी जाऊन आले, तरी आम्ही गेलो नव्हतो. त्या सकाळी धुके विरल्यावर ते पाणी पहिल्यांदा पाहिले. ज्या तीरापर्यंत नजर जावी तो दिसतच नव्हता. ते सुंदर होते, हे मला मान्य करावे लागले, आणि मान्य करताना कुठेतरी टोचलेही.

धक्क्यावरच्या त्या मुलाने त्याचे काम नीट केले होते, हे मला स्पष्ट लिहिले पाहिजे. त्याने मला जॅकेट घातले, चारही बकले लावली, पट्टे ओढले, आणि मग समोर उभा राहून जॅकेटच्या दोन्ही खांद्यांना धरून मला चक्क वर उचलल्यासारखे केले. जॅकेट हनुवटीपाशी आले. त्याने मान हलवली, पट्टे आणखी आवळले आणि पुन्हा ओढून पाहिले. दुसऱ्यांदा ते जागचे हलले नाही. मग त्याने जुन्या टेलिफोनच्या वायरीसारखी वेटोळ्यांची एक लाल दोरी काढली. तिच्या एका टोकाला चिमटा होता, तो त्याने हँडलजवळच्या लाल बटणामागे अडकवला, आणि दुसऱ्या टोकाचा पट्टा माझ्या मनगटाला बांधायला घेतला. माझ्या हातात आईची पाटली होती. त्याने ती हळूच कोपराकडे सरकवली आणि तिच्या खाली पट्टा आवळला. आपण पाण्यात पडलो की ही दोरी आपल्याबरोबर ओढली जाते, चिमटा निघतो आणि इंजिन बंद पडते. नाही तर माणूस एकीकडे आणि गाडी भलतीकडे अशी गत होते, असे त्याने सांगितले. पुढे तो वळण्याबद्दल काहीतरी सांगत होता. तेव्हा मी भाचीला फोन देत होते आणि फोटो कुठून काढायचा ते सांगत होते. मी हो हो म्हणत मान हलवली. नेमके तेच वाक्य माझ्याकडून ऐकायचे राहिले.

घरी आल्यावर मी ते वाक्य शोधत बसले. रात्री जेवणे आटोपल्यावर या यंत्राची माहितीपत्रके वाचायची, असे पंधरा दिवस चालले. जेटस्की हे खरे तर कावासाकी कंपनीने १९७३ मध्ये बाजारात आणलेल्या गाडीचे नाव, पण आपल्याकडे जसे कुठलेही वनस्पती तूप डालडा झाले, तसे या जातीच्या प्रत्येक गाडीला तेच नाव चिकटले. ज्या अमेरिकी माणसाच्या डोक्यातून ती निघाली तो क्लेटन जेकबसन मोटारसायकलींच्या शर्यतींचा शौकीन होता. हे वाचले आणि माझ्या मनात काहीतरी जागेवर बसले. पाण्यावरची मोटारसायकल हवी, या ओढीतून झालेली ही वस्तू आहे. म्हणून तिला घोड्यासारखी मांड ठोकायची सीट आहे, हँडल आहे, उजव्या मुठीपाशी वेगाचा खटका आहे. ती दिसते दुचाकीसारखी, हातालाही दुचाकीसारखीच लागते, आणि हात फसतो. तिच्या पोटात मात्र दुचाकीचे काहीही नाही. खाली एक जाळी असते, तिच्यातून पाणी आत ओढले जाते, आत फिरणारी पाती ते पाणी दाबतात आणि मागच्या तोटीतून जोराने बाहेर फेकतात. त्या धक्क्याने गाडी पुढे जाते. हँडल वळवले की ती तोटी वळते, झोत तिरका जातो आणि गाडीचे तोंड फिरते. नावेला असते तसे सुकाणू तिला नाही. म्हणजे वळवणारा जो आहे तो झोतच. खटक्यावरचे बोट सोडले की झोत थांबतो, आणि झोत थांबला की हँडल नुसतेच फिरते. तीन-साडेतीनशे किलोचे ते धूड मग आधीच्या वेगाने, आधीच्याच दिशेने जात राहते, आणि वेग चांगला असेल तर पूर्ण थांबेपर्यंत नव्वदेक मीटर जाऊ शकते. नव्वद मीटर म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडापासून दत्तमंदिरापर्यंत. हल्लीच्या काही गाड्यांत हँडल जोरात वळवले तर बोट सोडलेले असूनही यंत्र स्वतःहून थोडा झोत देते, आणि सी-डू या नावाने निघणाऱ्या काही गाड्यांना २००९ पासून ब्रेकही आला. पण आपण बसतो ती गाडी कुठल्या सालची आहे हे आपल्यापैकी कोण विचारतो?

घाबरल्यावर वेग वाढवायचा, निदान थोडा ठेवायचा आणि वळायचे, हे शरीराला पटणे किती अवघड आहे, याचा विचार मी तेव्हापासून करत आले आहे. वाचून ते डोक्याला कळते. हाताला कळत नाही. भीतीच्या क्षणी डोक्याला कोणी विचारत नाही, हातच काय ते करतो.

आणि त्या दिवशी चुकीची सवय एकच नव्हती. मी हँडल डावीकडे वळवले होते, मुलाने ते उजवीकडे फिरवले. आपण रस्त्यावर डावीकडून चालतो, समोरून कोणी अंगावर आले की डावीकडे होतो. पाण्यावरचा कायदा वेगळा आहे. समुद्रातल्या टकरी टाळण्यासाठी १९७२ मध्ये जे आंतरराष्ट्रीय नियम ठरले, त्यांत दोन यांत्रिक नावा समोरासमोर आल्या तर दोघींनीही आपापल्या उजवीकडे वळायचे आहे. वाटा एकमेकींना छेदत असतील, तर जिच्या उजव्या हाताला दुसरी नाव दिसते तिने वाट द्यायची, आणि पुढच्या नावेला मागे टाकणाऱ्याने तिच्यापासून दूर राहायचे. जगभरच्या तलावांत आणि नद्यांतही थोड्याफार फरकाने हेच पाळतात. आता विचार करा की सुट्टीच्या दिवशी दोन जेटस्की समोरासमोर येतात, दोन्हींवर आपल्यासारखी माणसे आहेत, एकाला कोणीतरी नियम सांगितला आहे आणि दुसरा स्कूटरच्या सवयीने डावीकडे ओढतो. दोघेही एकाच बाजूला जातील, आणि त्यातल्या एकाने घाबरून खटक्यावरचे बोट सोडले तर त्याची गाडी मधोमध सरळ येत राहील. म्हणून तो मुलगा सारखा मान फिरवत होता. तेव्हा मला वाटले होते की त्याचे माझ्याकडे लक्ष नाही. वळण्याआधी मागे पाहायचे, कारण या गाड्या जागच्या जागी फिरतात आणि मागून येणाऱ्याला त्याची काही खूण मिळत नाही. दुसऱ्या बोटीच्या लाटेवर उड्या मारायला तिच्या शेपटाशी जायचे नाही, कारण त्या बोटीपलीकडून काय येते आहे ते दिसत नाही. अशा गोष्टी त्याच्या मानेत बसल्या होत्या, जशी माझ्या मुठीत ती टाळी.

जॅकेटबद्दल लिहायचे तर मला वडोदऱ्याचे लिहावे लागेल. माझी मावसबहीण तिथे वाडी भागात राहते. १८ जानेवारी २०२४ ला संध्याकाळी तिचा फोन आला तेव्हा तिला नीट बोलता येत नव्हते. हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटून १२ मुले आणि २ शिक्षिका गेल्या होत्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त जण बसले होते आणि सगळ्यांच्या अंगावर जॅकेटे नव्हती. तलाव गावातला होता, काठ डोळ्यांसमोर होता. त्यानंतर कुठल्याही बोटीत बसायचे म्हटले की माझी बहीण आधी जॅकेटची बकले मोजते, आणि त्यावरून तिला कोणी हसले तर ती उतरून जाते. जेटस्कीवर तर जॅकेटशिवाय बसूच नये, आणि ते नुसते अंगावर अडकवलेले नसावे. वेगात पडताना पाणी मऊ नसते, ते फरशीसारखे लागते, आणि सैल जॅकेट पहिल्याच आपटीत डोक्यावरून निघून वर तरंगते. माणूस मात्र खालीच राहतो. फोटोत जाड दिसू नये म्हणून पट्टे सैल करणाऱ्या दोन मुली मी त्या दिवशी धक्क्यावर पाहिल्या. मी जाऊन त्यांना काही बोलले नाही. नंतर पुष्कळ वेळा वाटले की बोलायला हवे होते.

एक गोष्ट मोकळेपणाने लिहायला आपल्याकडे संकोच वाटतो, पण ती प्रत्येक बाईला ठाऊक असली पाहिजे. मागे बसलेले माणूस झटक्यात मागच्या मागे पडले, तर ते नेमके त्या तोटीसमोर पडते. तो झोत इतक्या जोराचा असतो की तो शरीराच्या खालच्या भागातून आत शिरून आतल्या अवयवांना गंभीर इजा करतो. साधा पोहण्याचा पोशाख त्याला अडवू शकत नाही. बनवणारे स्वतः गाडीवरच्या सूचनेत जाड रबरी कापडाची तंग चड्डी घालायला सांगतात, ते या कारणासाठी. आपल्याकडे अशी चड्डी कोणी देत नाही. मग निदान मागच्याने पुढच्याला दोन्ही हातांनी घट्ट धरायचे, आणि मागचा बसला आहे की नाही हे पाहिल्याशिवाय पुढच्याने खटका ओढायचा नाही, एवढे तरी होऊ शकते. ओढणीचेही तसेच. मोटारसायकलच्या चाकात ओढणी गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. इथे पोटाखालची ती जाळी पाणी ओढते तेव्हा ओढणी, मोकळे केस, जॅकेटचा लोंबणारा पट्टा, काहीही ओढू शकते. म्हणून पडलेल्या माणसाने इंजिन बंद असल्याची खात्री करायची, मागच्या बाजूने चढायचे, आणि सगळे वर आल्यावरच चिमटा परत लावायचा. गाडी उलटली असेल तर ती कुठल्या बाजूने सरळ करायची याचे चित्र मागच्या बाजूला चिकटवलेले असते. उलट्या बाजूने फिरवली तर इंजिनात पाणी जाते आणि मग काठापर्यंत कोणी ओढत न्यायला येईपर्यंत तिथेच थांबावे लागते. थांबावे लागले तर गाडीला धरून थांबायचे, काठ जवळ दिसला तरी पोहत निघायचे नाही, हे त्या मुलाने दोनदा सांगितले होते, आणि ते मात्र मी ऐकले होते.

हरसूदचे पाणी म्हणून मला ते जास्त लागले असेल, पण या जलाशयाखाली काय काय आहे याचा विचार गाडीवर बसल्यापासून माझ्या मनातून जात नव्हता. धरण पूर्ण भरले की पाणी २६२.१३ मीटरच्या पातळीला असते. मग उन्हाळ्यापर्यंत ते उतरत जाते आणि काल जिथे खोल पाणी होते तिथे आज टेकडीचा माथा असतो, एखादा खडक असतो, झाडाचा बुंधा असतो. समुद्राच्या भरती-ओहोटीचे वेळापत्रक असते. धरणाचे पाणी मागणीप्रमाणे चढते-उतरते, आणि वरून पाहणाऱ्याला सगळे सारखेच निळे दिसते. कमरेपेक्षा उथळ पाण्यात इंजिन चालू करायचे नाही, कारण जाळी खालची वाळू आणि खडे ओढून मागून गोळीसारखे फेकते. मुलगा धक्क्यापासून गाडी हाताने ढकलत नेत होता ती म्हणूनच. त्याने पाय टेकतो का ते पाहिले, मग तो चढला. त्याचा पाय जिथे टेकला त्या जमिनीवर कधीतरी कोणाचे शेत असेल, असे माझ्या मनात आले आणि मी ते कोणाला बोलून दाखवले नाही.

तरीही मला त्या पाण्यावर आनंद झाला होता. हे लिहिले नाही तर बाकीचे सगळे खोटे ठरेल. पहिल्या पाच मिनिटांत, मोकळ्या पाण्यावर त्याने मला खटका थोडा जास्त ओढू दिला तेव्हा थंड पाण्याचे शिंतोडे ओठांवर आले, पेट्रोलचा आणि ओल्या रबराचा वास आला, आणि चिमणबागेत लूनाने पहिल्यांदा वेग घेतला तेव्हा पोटात जे झाले होते तेच पंचावन्नाव्या वर्षी पुन्हा झाले. तेव्हा बाबा मागून धावताना हसत होते. तो आनंद वाईट आहे असे मला वाटत नाही. मला बोचते ते त्या म्हाताऱ्याचे पाहणे. तो तिथे कामाला आला होता आणि आम्ही खेळायला. आमच्या एका वळणाने त्याचे जाळे फाटले असते, नाव उलटली असती, आणि त्याच्या अंगावर जॅकेट नव्हते. नाव, मचवा, पोहणारी मुले, जे कोणी आपल्याहून हळू आहे त्याच्यापासून दूर राहणे हे सगळे वेगवानाचे काम आहे, कारण त्यांना आपल्यापासून दूर जाता येत नाही. मी परत जाऊन त्याची माफी मागू या असे मुलाला म्हटले होते. तो म्हणाला, "दीदी, फिर से पास गए तो और डरेगा." आम्ही लांबूनच हात वर केला. त्यानेही केला, की जाळे झटकले, हे मला इतक्या अंतरावरून कळले नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी मी पुन्हा गेले. या वेळी दादा आणि वहिनी बरोबर होते, आणि दोघांनाही मी हे कशासाठी करते आहे ते कळत नव्हते. त्याच मुलाला म्हटले की मला वेग नको, अर्धा तास फक्त वळायला शिकव, आणि जिथे कोणी नाही तिथे शिकव. त्याने पाच लिटरचा रिकामा कॅन दगडाला बांधून पाण्यात सोडला. चालत्या माणसाच्या वेगाने त्याच्याकडे जायचे आणि मुलाने हाक मारली की उजवीकडे वळायचे, बोट खटक्यावर ठेवून. आधी त्याने मला मुद्दाम बोट सोडायला लावले आणि गाडी कॅनवरून सरळ पुढे जाताना दाखवली. सडक चाकाला धरून ठेवते, पानी किसीको नहीं पकडता, असे तो म्हणाला. मग आम्ही सुरू केले. पहिल्यांदा त्याने हाक मारली आणि माझे बोट आपोआप सुटले. दुसऱ्यांदा मी स्वतःला बजावत गेले, तरी सुटले. तिसऱ्यांदाही. कॅन गाडीच्या पुढच्या टोकाला लागून गडगडत बाजूला गेला. चौथ्यांदा त्याने हाक मारली नाही, टाळी वाजवली. त्याला कुठून सुचले कोण जाणे, मी त्याला चिमणबागेचे काही सांगितले नव्हते. टाळी ऐकताच माझा सगळा हात सैल पडला आणि मला रडू आले. तो गोंधळला. मी त्याला म्हटले, टाळी नको, हाकच मार. त्यानंतर सातव्या की आठव्या खेपेला बोट जागेवर राहिले, झोत राहिला, आणि गाडी कॅनला बऱ्याच लांबून वळसा घालून गेली.

इंदूरला परतल्यावर दोन दिवसांनी संध्याकाळी पलासियाकडून घरी येत होते. डावीकडच्या गल्लीतून एक शाळकरी मुलगा सायकलवरून न पाहता समोर आला. मूठ सुटली. गाडी त्याच्या चाकापासून हातभरावर थांबली. तो 'सॉरी आंटी' म्हणून निघूनही गेला, आणि मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला तेव्हा माझा उजवा हात हँडलवर उघडाच होता.